अमौसीच्या रस्त्यावर आयर्लंड

लखनौचे नाव काढले की आपल्या मनात काही ठरावीक चित्रे उभी राहतात. गोमतीचा काठ, इमामवाड्याच्या कमानी, चिकणकाम केलेले पांढरेशुभ्र कुडते आणि ‘पहले आप’ म्हणत एकमेकांना वाट देणारे अदबशीर नागरिक. या चित्रांत आयर्लंडला कोठेच जागा नसते. अटलांटिक महासागराच्या कडेला पावसात भिजत पडलेले ते हिरवे बेट कोठे आणि अवधची ही नबाबी राजधानी कोठे! परंतु वाचकहो, आपण कधी विमानाने लखनौला गेलात, तर विमानतळापासून शहरापर्यंतचा रस्ता थोडा सावकाश आणि डोळे उघडे ठेवून पार करा. त्या रस्त्यावर आयर्लंडच्या इतिहासाची काही विसरलेली पाने आपल्याला पडलेली दिसतील. आणि ती वाचता वाचता आपल्याच इतिहासाची ओळख नव्याने पटेल.

हा विमानतळ ज्या गावाच्या शिवारात आहे, त्याचे नाव अमौसी. लखनौच्या दक्षिणेस कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. २००८ साली विमानतळाला चौधरी चरणसिंग यांचे नाव देण्यात आले. तथापि जुन्या लखनौकराला विचाराल, तर तो अजूनही ‘अमौसीला जायचे आहे’ असेच म्हणेल. २०१९ च्या मार्चपासून विमानतळावरून थेट मेट्रो धावू लागली आहे. अमौसी, कृष्णानगर, आलमबाग, चारबाग अशी स्थानके घेत ती आपल्याला शहराच्या मध्यभागी आणून सोडते. वातानुकूलित डब्यात बसून जो पल्ला आपण आज काही मिनिटांत ओलांडतो, त्याच्या आसपासच्या शेतांतून आणि दलदलीतून १८५७ सालच्या नोव्हेंबरातील एका रात्री दोन माणसे जीव मुठीत धरून चालत होती. त्यांतला एक आयरिश होता. आपल्या कथेचा प्रारंभ तेथूनच करू.

दोन माणसे, एक रात्र

१८५७ च्या उन्हाळ्यात लखनौ पेटले. बेगम हजरत महल यांच्या नेतृत्वाखाली अवधची प्रजा आणि शिपाई उठले व इंग्रजांना रेसिडेन्सीच्या आवारात कोंडून घालण्यात आले. वेढा पडला त्या वेळी तेथील मुख्य अधिकारी होता सर हेन्री लॉरेन्स. त्याचा जन्म सिंहलद्वीपातला. पण घराणे उत्तर आयर्लंडमधले आणि शिक्षणही तेथल्याच डेरी नगरातले. तोफगोळ्याने जखमी होऊन तो ४ जुलै रोजी मरण पावला. सप्टेंबरच्या अखेरीस हॅवलॉक आणि औट्रम हे सेनापती फौज घेऊन आत शिरले खरे. परंतु अरुंद गल्ल्यांतून येताना त्यांची इतकी माणसे पडली, की सुटका करावयास आलेले स्वतःच वेढ्यात अडकले. नोव्हेंबरात सर कॉलिन कॅम्बेल दुसरी फौज घेऊन कानपूरच्या बाजूने येऊ लागला. शहराच्या गल्ल्या टाळून त्याला सुरक्षित वाटेने आत आणील असा माहीतगार माणूस हवा होता.

हे काम अंगावर घेतले ते कोणा सेनापतीने नव्हे, तर कचेरीतल्या एका कारकुनाने. त्याचे नाव टॉमस हेन्री कॅव्हना. आयर्लंडच्या मधोमध वेस्टमीथ परगण्यात मलिंगर नावाचे गाव आहे. १८२१ साली तेथे त्याचा जन्म झाला. तो उंच होता, केस तांबूस-सोनेरी आणि डोळे निळे. हिंदी माणसाचे सोंग घेण्यास याहून गैरसोयीचा देह शोधूनही सापडला नसता! तरीही त्याने वेष पालटला. तंग रेशमी विजार, मलमलीचा सदरा, पिवळा अंगरखा, डोक्याला पागोटे, हातात ढाल-तलवार. आणि तोंडाला व हातांना तेलात कालवलेली काजळी. हा वेष ‘बदमाशा’चा होता, असे इंग्रज लेखक लिहितात. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याने येथे थोडे थांबले पाहिजे. मराठीत ‘बदमाश’ म्हणजे निव्वळ लुच्चा. तत्कालीन इंग्रजांनी मात्र शस्त्र बाळगून शहरात ऐटीने हिंडणाऱ्या मोकाट तरुणाला तो शब्द लावला. लखनौकर अशा रंगेल शस्त्रधाऱ्याला ‘बांका’ म्हणत. एकाच माणसाला त्याच्या गावात एक नाव आणि त्याच्या शत्रूच्या दप्तरात दुसरे, हा इतिहासाचा नेहमीचाच प्रकार आहे.

कॅव्हनाच्या सोबत होता कनौजीलाल नावाचा एक हिंदी हेर. वेढ्यातून निरोप आत-बाहेर नेण्याचे काम तो करीत असे. प्रथम तो कॅव्हनाला बरोबर नेण्यास तयार नव्हता, आणि त्यात नवल काहीच नाही. एकटा हिंदी माणूस गर्दीत सहज मिसळून जातो, असल्या उंचापुऱ्या गोऱ्याबरोबर मात्र दोघांचीही माने कापली जाण्याचा संभव होता. पण अखेर तो तयार झाला. ९ नोव्हेंबरच्या रात्री कपड्यांचे गाठोडे डोक्यावर घेऊन दोघांनी गोमतीचे गार पाणी ओलांडले. पलीकडच्या तीरावरून काही अंतर चालून दगडी पुलाने ते परत शहरात शिरले आणि भर चौकातून पुढे गेले. वाटेत पहाऱ्यांवरच्या शिपायांनी त्यांना हटकले. शहराबाहेर पडल्यावर अंधारात दिशा चुकली आणि ते पुन्हा शत्रूच्या तोफा असलेल्या दिलखुशा बागेतच जाऊन पोहोचले. तेथून मागे फिरून, कमरेइतक्या पाण्याची दलदल तुडवीत, पहाटे चारच्या सुमारास ते इंग्रजी फौजेच्या एका ठाण्यावर येऊन धडकले. कॅम्बेलच्या फौजेचा तळ त्या वेळी आलमबागेच्या अलीकडे-पलीकडे, कानपूर-रस्त्याच्या याच पट्ट्यात पसरलेला होता. कॅव्हना सुखरूप पोहोचल्याची खूण म्हणून आलमबागेवर निशाण चढविण्यात आले. पुढे आठवडाभरात कॅम्बेल रेसिडेन्सीपर्यंत पोहोचला.

आज आलमबागेत मेट्रोतून उतरलात, तर वाजिदअली शाहाने आपल्या बेगमेसाठी बांधलेल्या त्या बागेचा जुना दरवाजा पाहावयास मिळतो. जवळच हॅवलॉकची कबरही आहे. भोवती बसगाड्यांचा गजबजाट आणि फेरीवाल्यांचे आवाज. निशाणाची आठवण तेथे कोणाला नाही.

कायद्यातली एक दुरुस्ती

वाचकहो, या कथेचा खरा बोध त्या रात्रीत नाही. तो तिच्या नंतरच्या हिशेबात आहे.

कॅव्हनाला व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. पण ते पदक सैनिकांसाठी होते आणि कॅव्हना तर कारकून! तेव्हा १८५८ च्या डिसेंबरात राणीच्या आज्ञापत्रात दुरुस्ती करण्यात आली आणि असैनिकांनाही ते देता येईल असे ठरले. १८५९ च्या जुलैत कॅव्हनाचे नाव जाहीर झाले. हे पदक मिळविणारे असैनिक आजवर केवळ पाच आहेत. त्यांतला हा एक. त्याला पैसा मिळाला, वरची जागा मिळाली, आणि आपण ते पदक कसे जिंकले याचे एक पुस्तकही त्याने १८६० मध्ये छापले.

आणि कनौजीलाल? तीच नदी, तोच चौक, तीच दलदल. किंबहुना धोका त्याला अधिक. कारण पकडला गेला असता तर स्वकीयांचा द्रोही म्हणून त्याची गत काय झाली असती, हे सांगावयास नको. त्यालाही बक्षीस मिळाले. पण पदक मिळाले नाही, मिळणे शक्यच नव्हते. कारकुनासाठी आज्ञापत्र एका वर्षात बदलले. हिंदी सैनिकाला तेच पदक मिळण्याचा हक्क यावयास १९११ साल उजाडावे लागले.

आपल्या दृष्टीने १८५७ हे स्वातंत्र्याचे युद्ध आहे, आणि त्या दृष्टीने कनौजीलालचा गौरव करण्याचे कारण नाही. परंतु न्यायाची गोष्ट वेगळी. परक्याची सेवा करणाऱ्यालाही परका कोणत्या तागडीने तोलतो, हे या दोन नावांकडे पाहून जितके स्पष्ट कळते, तितके मोठमोठ्या ग्रंथांतूनही कळत नाही.

आता कॅव्हनाकडे पुन्हा पाहा. तो तरी कोणाचा? आयर्लंड हे स्वतःच पराधीन राष्ट्र. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत जे गोरे शिपाई भरती झाले, त्यांत जवळजवळ निम्मे आयरिश होते. घरी जमीन दुसऱ्याची, राज्य दुसऱ्याचे, आणि ताटात बटाटा. म्हणून पोटासाठी ते समुद्र ओलांडून आले आणि दुसऱ्या पराधीन देशावर बंदूक रोखून उभे राहिले. एका बंद्याच्या हातून दुसऱ्या बंद्याच्या पायांत बेडी ठोकून घ्यावी, ही साम्राज्याची रीतच आहे. किपलिंगने १९०१ साली लिहिलेल्या ‘किम’ या प्रसिद्ध कादंबरीचा नायकही अशाच एका आयरिश शिपायाचा पोरका मुलगा आहे, आणि लेखकाने त्याला शिकावयास पाठविले आहे ते लखनौलाच.

दोन दुष्काळ, दोन इमारती

शहरात आल्यावर आपण बडा इमामवाडा पाहणारच. तो पाहताना त्याच्या जन्माची कथा विसरू नका. अवधमध्ये १७८४ च्या सुमारास भयंकर दुष्काळ पडला. उपाशी प्रजेला काम मिळावे म्हणून नबाब आसफउद्दौलाने ही प्रचंड इमारत उभारावयास घेतली. सुमारे पन्नास मीटर लांबीचे तिचे दालन तुळईच्या किंवा खांबाच्या आधारावाचून उभे आहे. दिवसा मजूर बांधीत आणि रात्री त्यांतले काही बांधकाम पाडले जाई, म्हणजे काम संपू नये, अशी दंतकथा आहे. रात्रीच्या अंधारात काम करावयास भुकेने गांजलेले खानदानी लोक येत, कारण अंधारात त्यांना कोणी ओळखत नसे. ज्याला देव देत नाही त्याला आसफउद्दौला देतो, अशी म्हण त्यावरून लखनौत रूढ झाली.

आयर्लंडात याच जातीची एक इमारत आहे, आणि ती इमामवाड्याहून चाळीसेक वर्षांनी जुनी आहे. १७४०-४१ साली तेथे कडाक्याच्या थंडीने पीक बुडाले आणि इतकी माणसे मेली, की लोक त्या काळाला ‘कत्तलीचे वर्ष’ म्हणू लागले. डब्लिनजवळच्या कॅसलटाउन येथे कॅथरीन कॉनली ही धनिक विधवा राहत असे. आसपासच्या गरिबांना मजुरी मिळावी म्हणून तिने कमानींवर कमानी रचून सुमारे १४० फूट उंचीचा एक मनोरा बांधविला. त्यात कोणी राहत नाही, पूजा करीत नाही, तो कशाचे रक्षणही करीत नाही. लोक त्याला ‘कॉनलीचा खुळचटपणा’ म्हणतात! पण त्या खुळचटपणाने किती चुली पेटत्या ठेवल्या, हे त्या चुलींनाच ठाऊक. नबाबाने आणि त्या विधवेने एकमेकांचे नावही ऐकले नव्हते. परंतु भुकेल्या माणसाला भीक घालण्यापेक्षा काम द्यावे, त्याची मान खाली जाऊ देऊ नये, ही बुद्धी दोघांनाही झाली.

त्यानंतर शंभर वर्षांनी आयर्लंडवर याहून मोठा घाला आला. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि काही वर्षांत सुमारे दहा लाख लोक मेले; तितकेच किंवा अधिक लोक देश सोडून गेले. धान्याची जहाजे मात्र बंदरांतून बाहेर जातच होती. या महादुष्काळात बाहेरून आलेल्या अगदी पहिल्या मदतींपैकी एक कोठून आली, हे आपल्यातील फार थोड्यांना माहीत असेल. ती आली कलकत्त्याहून. तेथे वर्गणी गोळा करणारी मंडळी स्थापन झाली आणि सुमारे चौदा हजार पौंड जमले. फौजेतील आयरिश शिपायांप्रमाणेच हिंदी लोकांचीही नावे देणाऱ्यांत होती. जो देश स्वतः वारंवार दुष्काळात होरपळला, त्याला दुसऱ्याच्या भुकेची कळ आधी कळावी यात आश्चर्य ते काय?

डब्लिनच्या वार्ताहराची लेखणी

शहराच्या पूर्वेस दिलखुशा कोठीचे भग्नावशेष आहेत. १८५८ च्या मार्चमध्ये त्या कोठीच्या गच्चीवर ‘टाइम्स’ पत्राचा वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल उभा राहिला. हा डब्लिनजवळच्या टॅला गावचा. क्रिमियाच्या युद्धात इंग्रजी सैन्याच्या हालअपेष्टा उघड्या करून त्याने नाव मिळविले होते. समोर पसरलेले घुमट, मनोरे आणि बागा पाहून तो थक्क झाला; रोम, अथेन्स, कॉन्स्टँटिनोपल यांपैकी कोणतेही नगर आपल्याला इतके सुंदर वाटले नव्हते, असे त्याने आपल्या रोजनिशीत नोंदविले. काही दिवसांतच कैसरबाग पडली आणि विजयी सैनिकांनी तेथे केलेली लूटही त्याने डोळ्यांनी पाहिली व लिहिली. सूड म्हणून चाललेल्या कत्तलींविरुद्ध आणि गोऱ्यांच्या उर्मट वागणुकीविरुद्ध त्याने लेखणी चालविली. तो साम्राज्याचा शत्रू नव्हता. पण पाहिलेले झाकून ठेवण्याचा स्वभावही त्याचा नव्हता. १८५८ च्या लखनौची जी दुःखे आपल्याला आज ठाऊक आहेत, त्यांतली काही या आयरिश माणसाच्या शाईतून आपल्यापर्यंत आली आहेत.

‘वाळीत टाकणे’ आणि ‘होमरूल’

येथवरच्या कथेत आयरिश माणूस राज्यकर्त्यांच्या बाजूला उभा आहे. परंतु इतिहासाचे चाक फिरते. १८८० साली पश्चिम आयर्लंडातील मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाचा एक इंग्रज कारभारी जमीनदाराच्या वतीने कुळांकडून खंड वसूल करीत असे. त्या वर्षी पार्नेल या पुढाऱ्याने लोकांना एक युक्ती सांगितली: मारू नका, जाळू नका, फक्त संबंध तोडा. झाले! मजुरांनी शेत सोडले, घरगडी निघून गेले, दुकानदार माल देईना, टपालही पोहोचेना. आपल्याकडील खेड्यातला कोणीही म्हातारा हे ऐकून एका वाक्यात सांगेल, की साहेबाला गावाने वाळीत टाकले. पीक काढण्यासाठी उत्तरेकडून सुमारे पन्नास स्वयंसेवक आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणासाठी जवळजवळ हजार शिपाई! पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च सरकारला आला, आणि डिसेंबर उजाडताच बॉयकॉट तेथून निघून गेला. जड शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी बसणार नाही म्हणून त्या साहेबाच्या नावाचेच क्रियापद करावे, अशी सूचना गावच्या धर्मगुरूने केली, असे सांगतात.

हा शब्द पंचवीस वर्षांत हिंदुस्थानात पोहोचला. १९०५ साली वंगभंगाच्या चळवळीत परदेशी मालावर ‘बॉयकॉट’ पुकारला गेला; आणि लोकमान्य टिळकांनी मराठी माणसाला ‘बहिष्कार’ हे शस्त्र स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीने दिले.

दुसरा शब्द ‘होमरूल’. आयर्लंडला आपला कारभार आपण करू द्या, या मागणीसाठी १८७० नंतर तो तेथे रूढ झाला. १९१६ च्या एप्रिलअखेर टिळकांनी बेळगावात होमरूल संघ स्थापिला. आणि त्याच सुमारास डब्लिनमध्ये ईस्टर सणातला सशस्त्र उठाव चालू होता. सप्टेंबरात ॲनी बेझंट यांनी दुसरा संघ काढला. त्यांच्या अंगात आई-वडील दोघांकडूनही आयरिश रक्त होते. आणि डिसेंबरात ही सर्व मंडळी कोठे एकत्र आली? लखनौलाच! सुरतेच्या फुटीनंतर नऊ वर्षांनी टिळक काँग्रेसच्या अधिवेशनाला आले, ते येथे. तरुणांनी गाडीचे घोडे सोडले आणि लोकमान्यांची गाडी स्वतः ओढली. त्या तरुणांत रामप्रसाद बिस्मिल होते. त्यांनी पुढे आत्मचरित्रात हा प्रसंग लिहून ठेवला. हिंदू-मुसलमान पुढाऱ्यांचा लखनौ करार झाला. अधिवेशन आटोपताच त्याच मंडपात दोन्ही होमरूल संघांची एकत्र सभा भरली. ज्या शहरात साठ वर्षांपूर्वी एका आयरिश माणसाने साम्राज्याला वाट दाखविली होती, त्याच शहरात आयर्लंडचा शब्द आता साम्राज्याला परतीची वाट दाखवू लागला.

राजभवनातील डब्लिनचा विद्यार्थी

आणखी एक भेट उरली आहे. हजरतगंजच्या बाजूस उत्तर प्रदेशच्या राज्यपालांचे निवासस्थान आहे. १९५७ ते १९६० या काळात तेथे राज्यपाल म्हणून व्ही. व्ही. गिरी राहत होते. पुढे १९६९ साली ते राष्ट्रपती झाले. तारुण्यात, १९१३ मध्ये, हे गिरी कायद्याच्या शिक्षणासाठी डब्लिनला गेले होते. तेथील स्वातंत्र्यवाद्यांशी त्यांचे संबंध जुळले आणि ईस्टरच्या उठावानंतर, १९१६ साली, इंग्रज सरकारने त्यांना देश सोडावयास लावले. डब्लिनने त्यांना वकिलीपेक्षा मोठे काही शिकविले होते. घरी येऊन ते मजुरांच्या चळवळीत पडले.

आपल्या राज्यघटनेतही आयर्लंडचा वाटा आहे. राज्याने जनतेचे कल्याण, उपजीविका, आरोग्य व शिक्षण यांकडे कसे पाहावे, हे सांगणारी जी मार्गदर्शक तत्त्वे घटनेच्या चौथ्या भागात आहेत, त्यांची कल्पना आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतलेली आहे. भुकेल्याला काम मिळावे, ही जी बुद्धी नबाबाला आणि त्या विधवेला झाली होती, तीच तेथे राज्याच्या कर्तव्याच्या भाषेत आली आहे.

वाचकहो, लखनौला जाल तेव्हा इमामवाडा पाहा, भूलभुलैयात हरवा, चौकातील कबाब किंवा मलाईची गिलौरी चाखा. रेसिडेन्सीच्या भिंतींवरील गोळ्यांच्या खुणांवरून हात फिरवा. परंतु परतताना, अमौसीकडे जाणारी गाडी आलमबाग सोडून पुढे निघाली, की मुलांना खिडकीशी बसवा आणि त्या दोन वाटसरूंची गोष्ट सांगा. कॅव्हनाचे नाव त्यांना पुस्तकात केव्हातरी सापडेल. कनौजीलालचे नाव मात्र आपणच सांगावे लागेल. आणि तो शूर होता की द्रोही, हा प्रश्न मुलांनी विचारला, तर उत्तर देण्याची घाई करू नका. त्यांनाच थोडा वेळ विचार करू द्या. विमान सुटावयास बहुधा अवकाश असतोच.